एसएचएममध्ये वेगाचं उत्तर पुन्हा पुन्हा चुकतंय? आधी मध्य कुठे धरलाय ते बघा

बारावीच्या फिजिक्समधलं ‘ऑसिलेशन्स’ (आंदोलनं) हे पाचवं प्रकरण. एसएचएम, म्हणजे सरल आवर्त गती, त्यातच येते. त्यातलं वेगाचं सूत्र एका ओळीचं आहे आणि बहुतेकांचं पाठही असतं. तरीही तीच चूक युनिट टेस्टमध्ये होते, प्रिलिममध्ये होते आणि सीईटीच्या सरावात पुन्हा समोर येते. विचारलं की उत्तर ठरलेलं: “सर, सूत्र तर बरोबर टाकलं होतं.” वही उघडून बघावी तर सूत्र खरंच बरोबर असतं. चुकलेलं असतं त्यात काय भरलं ते. अंतर कुठून मोजलं, घड्याळ कुठून सुरू केलं, कोन कशात घेतला, या तीन ठिकाणी जवळपास सगळी गडबड होते.

त्यामुळे सूत्र आणखी दहा वेळा लिहून काही साधत नाही. उत्तर कसं चुकलंय ते नीट बघायचं. दुप्पट आलंय का, १.४१ पट आलंय का, चिन्ह उलटं आलंय का, की कॅल्क्युलेटरने ‘मॅथ एरर’ दाखवला? प्रत्येक चुकीची खूण वेगळी असते, आणि खूण ओळखता आली की कारण लगेच सापडतं.

सगळीकडे एकच उदाहरण वापरतो, म्हणजे आकडे ओळखीचे होतील. एक स्प्रिंग, तिचा बलस्थिरांक के = २० न्यूटन प्रति मीटर. तिला २०० ग्रॅमचं वजन. ओमेगा = √(के/एम) = √(२०/०.२) = √१०० = १० रेडियन प्रति सेकंद. आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाची वेळ, २ पाय भागिले १०, म्हणजे ०.६२८ सेकंद. वजन मध्यापासून, म्हणजे ते स्वस्थ राहतं त्या जागेपासून, ५ सेंटिमीटर ओढून सोडलं, म्हणून ॲम्प्लिट्यूड (मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर) ए = ५ सेमी. आता सूत्र, त्यात एक्स म्हणजे मध्यापासूनचं अंतर, विस्थापन:

व्ही = ± ओमेगा × √(ए² − एक्स²)

मध्यावर एक्स शून्य, म्हणून वेग १० × ५ = ५० सेमी प्रति सेकंद. हा सगळ्यात जास्त वेग. एक्स ३ सेमी असताना १० × √(२५ − ९) = ४०. एक्स ४ सेमी असताना ३०. टोकाला शून्य. हे चार आकडे डोक्यात ठेवा, पुढे सगळीकडे लागतील.

कॅल्क्युलेटर ‘मॅथ एरर’ दाखवतोय

याचा अर्थ मुळाखाली ऋण संख्या आली, म्हणजे एक्स हा ए पेक्षा मोठा भरला गेला. वस्तू टोकाच्या पलीकडे जाऊच शकत नाही, तेव्हा अंतर चुकीच्या जागेवरून मोजलेलं असणार.

हे सगळ्यात जास्त होतं ते स्प्रिंग उभी टांगलेली असते तेव्हा. वजन अडकवल्याबरोबर स्प्रिंग ताणली जाते. किती? एमजी भागिले के, म्हणजे ०.२ × ९.८ ÷ २० = ०.०९८ मीटर, ९.८ सेमी. वजन तिथे स्वस्थ राहतं. मध्य तो. आंदोलन त्याच्या वरखाली ५-५ सेमी होतं, म्हणजे स्प्रिंगचा ताण ४.८ सेमीपासून १४.८ सेमीपर्यंत बदलत राहतो. आता गणितात विचारलं, “स्प्रिंग मूळ लांबीपेक्षा १२.८ सेमी ताणलेली असताना वेग किती?” बरेच जण सरळ एक्स = १२.८ भरतात. २५ − १६३.८४ होतं आणि कॅल्क्युलेटर हात टेकतो. खरं एक्स १२.८ − ९.८ = ३ सेमी. वेग ४०.

एरर आला तर उलट बरंच म्हणा, निदान चूक कळली. धोका आहे तो एरर न येण्यात. ताण ४.८ सेमी असतो ते वरचं टोक, तिथे वेग शून्य. पण एक्स = ४.८ भरलं तर १० × √(२५ − २३.०४) = १४ सेमी प्रति सेकंद असं दिसायला अगदी सभ्य उत्तर येतं. ते लिहून मुलं पुढच्या प्रश्नाकडे वळतात आणि मार्क जातात.

गुरुत्वाकर्षणाचं काय, असा प्रश्न इथे हमखास येतो. गुरुत्वाकर्षणाने फक्त मध्य ९.८ सेमी खाली सरकतो. ओमेगाला ते हातही लावत नाही. मध्य नव्या जागी धरला की वेगाच्या सूत्रात ‘जी’ (गुरुत्वीय त्वरण) कुठेच लिहायचा नाही.

याच जातीची दुसरी चूक: “टोकापासून २ सेमी अंतरावर असताना.” दोन हा आकडा दिसला की हात आपोआप एक्स = २ लिहितो आणि ४५.८ उत्तर येतं. टोकापासून २ म्हणजे मध्यापासून ३. उत्तर ४०. प्रश्नात ‘फ्रॉम एक्स्ट्रीम पोझिशन’ दिसलं की त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावून घ्या.

उत्तर बरोबर दुप्पट येतंय

प्रश्नात ‘पाथ लेंग्थ’ दिलेली असते. १० सेमी लांबीच्या मार्गावर आंदोलन म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १० सेमी, म्हणून ए = ५. दहाच भरले तर कमाल वेग १०० येतो. पडताळा सोपा आहे. एका पूर्ण आंदोलनात वस्तू चार ॲम्प्लिट्यूड चालते, म्हणून सरासरी चाल ४ए भागिले आवर्तकाल = २० ÷ ०.६२८ = ३१.८ सेमी प्रति सेकंद. कमाल वेग नेहमी याच्या १.५७ पट असतो, पायच्या निम्मा. ३१.८ × १.५७ जवळजवळ ५० भरतात.

उत्तर १.४१ पट येतंय

५० च्या जागी ७०.७ आलं की समजायचं, अकरावीचं व्ही² = यू² + २एएस (यातला ए म्हणजे त्वरण) इथे वापरलं गेलंय. टोकाला त्वरण ओमेगा² × ए = १०० × ५ = ५०० सेमी प्रति सेकंद वर्ग. अंतर ५. मग व्ही² = २ × ५०० × ५ = ५०००, आणि व्ही = ७०.७. आकडेमोड बिनचूक, तरी उत्तर चूक. कारण ५०० हे त्वरण फक्त टोकाला असतं. वस्तू मध्याकडे सरकते तसं ते कमी होत जातं आणि मध्यावर शून्य होतं. ते सूत्र स्थिर त्वरणासाठी आहे.

शिक्षक इथे “ते सूत्र चालत नाही” एवढं सांगून पुढे जातात, आणि मला ते नेहमी अपुरं वाटत आलंय. कारण याच सूत्राला थोडं दुरुस्त केलं की एसएचएमचं सूत्र हाताने काढता येतं, कॅल्क्युलसशिवाय. त्वरण अंतराच्या प्रमाणात सरळ रेषेत बदलतं. टोकाला ५००, मध्यावर ०, तर अंतरावरची सरासरी २५०. आता व्ही² = २ × २५० × ५ = २५००. व्ही = ५०. बरोबर!

मधल्या जागीही करून बघा. टोकापासून ३ सेमीच्या खुणेपर्यंत: टोकाला त्वरण ५००, तीनवर ३००, सरासरी ४००, चाललेलं अंतर २ सेमी. व्ही² = २ × ४०० × २ = १६००. व्ही = ४०. आणि हेच अक्षरांत लिहिलं तर सरासरी त्वरण ओमेगा² × (ए + एक्स)/२, अंतर (ए − एक्स). दोघांचा गुणाकार करून दुप्पट केली की ओमेगा² × (ए² − एक्स²) उरतं. आपलं सूत्र हेच. पाठ केलेलं सूत्र परीक्षेत विसरलं तर ते असं अर्ध्या मिनिटात परत उभं करता येतं. एकच काळजी घ्यायची: ही सरासरी अंतरावरची आहे, वेळेवरची नाही. म्हणून ती व्ही = यू + एटी मध्ये घालू नका, तिथे ती लागू पडत नाही.

अर्ध्या वाटेवर अर्धा वेग धरला जातोय

एक्स २.५ सेमी असेल तर वेग २५ असणार, असं मन आपोआप ठरवतं. खरा वेग १० × √(२५ − ६.२५) = ४३.३, म्हणजे कमाल वेगाच्या ८६.६ टक्के. अर्धा वेग हवा असेल तर वस्तू ४.३३ सेमीपर्यंत जावी लागते. म्हणजे वाटेचा मोठा भाग वस्तू जोरातच असते आणि टोकाजवळ एकदम मंदावते. वेळेच्या भाषेत सांगायचं तर मध्यापासून अर्ध्या ॲम्प्लिट्यूडपर्यंत जायला आवर्तकालाचा बारावा हिस्सा लागतो, आणि उरलेल्या तेवढ्याच अंतराला त्याच्या दुप्पट, सहावा हिस्सा.

विस्थापन साइनप्रमाणे, वेग कॉसप्रमाणे. एक शिखरावर असताना दुसरा शून्यावर. हे नातं आपल्याकडे फार जुनं आहे आणि वर्गात ते सांगितलं जात नाही याची खंत वाटते. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणीत ग्रहांची तात्कालिक गती काढताना ज्येतला (साइनमधला) सूक्ष्म फरक कोटिज्येच्या (कॉसच्या) प्रमाणात धरला आहे, आणि ग्रहाचं फल, म्हणजे मध्यम जागेपासूनचा फरक, परम असतं तिथे गतीचं फल शून्य होतं, हेही सांगितलं आहे. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. जळगावच्या बाजूची मुलं कधी पाटणादेवीला गेली तर त्यांनी हे जरूर आठवावं.

वेळ दिली की उत्तर बिघडतं

इथे दोन वेगळे घोळ आहेत.

पहिला घोळ साइन की कॉस. घड्याळ मध्यावरून सुरू केलं तर विस्थापन ए साइन ओमेगाटी आणि वेग ए ओमेगा कॉस ओमेगाटी. टोकावरून सुरू केलं तर विस्थापन ए कॉस ओमेगाटी आणि वेग उणे ए ओमेगा साइन ओमेगाटी. प्रश्नात ‘ओढून सोडलं’ असेल तर टोक. ‘मध्यावर असताना धक्का दिला’ किंवा ‘मीन पोझिशनमधून जाताना वेळ शून्य धरली’ असेल तर मध्य. शंका वाटली तर टी = ० ठेवून बघायचं. वस्तू हातातून नुकतीच सोडली आहे आणि तुमचं सूत्र त्या क्षणी वेग ५० दाखवत असेल, तर दुसरं सूत्र घ्यायला हवं.

दुसरा घोळ कोनाचा, आणि हा जास्त घातक. मध्यावरून सुरू करून ०.१ सेकंदानंतरचा वेग काढू. ओमेगाटी = १. हा १ रेडियन आहे. कॉस १ रेडियन = ०.५४०, म्हणून वेग २७ सेमी प्रति सेकंद. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर राहिला तर तो १ अंशाचा कॉस देतो, ०.९९९८, आणि वेग ४९.९९ येतो.

आता यातली खरी अडचण बघा. हुशार विद्यार्थी पडताळा घेतो. त्याच कॅल्क्युलेटरवर विस्थापन काढतो: ५ × साइन १ अंश = ०.०८७ सेमी. ते व्ही = ओमेगा√(ए² − एक्स²) मध्ये घालतो, उत्तर येतं ४९.९९. तंतोतंत जुळलं! म्हणून तो निश्चिंत होतो. पण साइन आणि कॉस दोन्ही त्याच चुकीच्या कोनाचे असल्यामुळे ते एकमेकांशी जुळणारच. ऊर्जेचा पडताळाही इथे फसतो. ही चूक पकडायला वेळेकडे बघावं लागतं. आवर्तकालाचा चौथा हिस्सा ०.१५७ सेकंद, तेवढ्यात वस्तू टोकाला पोचते. ०.१ सेकंद म्हणजे त्यातली साठ टक्क्यांहून जास्त वेळ संपली. तोवर वस्तू मध्यापासून एक मिलिमीटरही सरकली नसेल, हे शक्यच नाही. खरं विस्थापन ४.२१ सेमी आहे.

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यातले साइन-कॉसचे तक्ते अंशांत आहेत. म्हणून तिथे आधी १ रेडियन = ५७ अंश १८ मिनिटं असं करून घ्या आणि मग तक्त्यात बघा. ओमेगा मात्र रेडियनमध्येच ठेवायचा. सूत्रात बाहेर गुणायला असलेल्या ओमेगाला अंशांत नेलं की उत्तर ५७ पटींनी फुगतं.

आकडा बरोबर, चिन्ह उलटं

√(ए² − एक्स²) ला दिशा कळत नाही. ३ सेमीच्या खुणेवरून वस्तू दोनदा जाते. मध्यावरून निघाल्यावर ०.०६४ सेकंदाला बाहेर जाताना, वेग +४०. मग टोकाला जाऊन परत येताना ०.२५ सेकंदाला, वेग −४०. जागा तीच, चाल तीच, दिशा उलटी. प्रश्नात वेळ दिली असेल तर कॉसचं सूत्र वापरा, चिन्ह आपोआप येतं: कॉस २.५ रेडियन = −०.८०. फक्त जागा दिली असेल आणि दिशा सांगितलीच नसेल, तर ± लिहून ठेवा. एकच चिन्ह निवडायला तुमच्याकडे आधार नाही.

विस्थापन धन म्हणून वेगही धन, असं काहीजण धरतात. हा समज त्वरणाच्या सूत्रातून येतो. त्वरणाचं चिन्ह विस्थापनाच्या नेहमी उलट असतं, हे खरं. वेगाचा विस्थापनाच्या चिन्हाशी असा कुठलाच बांधील संबंध नाही.

पेंड्युलमचा वेग भलताच मोठा येतोय

सेकंद पेंड्युलम घ्या. आवर्तकाल २ सेकंद, लांबी ९९.३ सेमी, ओमेगा = पाय = ३.१४. ॲम्प्लिट्यूड ५ सेमी. मग सगळ्यात खालच्या बिंदूला वेग ३.१४ × ५ = १५.७ सेमी प्रति सेकंद. पण वर्तुळाकार गतीचं व्ही = आर ओमेगा ताजं असल्यामुळे मुलं लांबीला ओमेगाने गुणतात, आणि ३.१२ मीटर प्रति सेकंद असं उत्तर येतं.

हा ओमेगा गोळा टांगलेल्या बिंदूभोवती किती वेगाने वळतोय ते सांगत नाही. आंदोलनाचा ताल सांगतो, आणि तो पूर्ण वेळ ३.१४ च राहतो. दोरीचा कोन बदलण्याचा वेग ही वेगळी राशी आहे. ती क्षणोक्षणी बदलते, आणि या उदाहरणात खालच्या बिंदूलासुद्धा ती फक्त ०.१५८ रेडियन प्रति सेकंद आहे. दोघांसाठी एकच अक्षर वापरायची पद्धत असल्यामुळे हा गोंधळ होतो, यात मुलांचा फारसा दोष नाही.

पडताळा उंचीवरून घ्या. ५ सेमी बाजूला नेल्यावर गोळा ए²/२एल = २५ ÷ १९८.६ = ०.१२६ सेमी, म्हणजे सव्वा मिलिमीटर वर उचलला जातो. तेवढ्यावरून खाली येताना √(२ × ९.८ × ०.००१२६) = ०.१५७ मीटर प्रति सेकंद. जुळलं. ३.१२ चा वेग यायला गोळा जवळजवळ अर्धा मीटर खाली यायला हवा होता.

दोन जागांचे वेग दिलेत आणि ओमेगा² ऋण येतोय

वजाबाकीचा क्रम उलटा झालाय. ३ सेमीवर ४० आणि ४ सेमीवर ३० दिले असतील तर ओमेगा² = (१६०० − ९००) ÷ (१६ − ९) = १००. वर पहिला वजा दुसरा, खाली दुसरा वजा पहिला. मध्याजवळ वेग जास्त असतो, एवढं लक्षात असलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

गणित जमतं, प्रयोगात वेग जुळत नाही

आधी आवर्तकाल बघा. ०.६३ सेकंदाचं एकच आंदोलन स्टॉपवॉचने मोजलं तर बोट दाबायला लागणाऱ्या उशिरातच सगळं बिघडतं. २० आंदोलनं मोजा, साधारण १२.६ सेकंद येतील, आणि २० ने भागा. मोजणी मध्यावरून जाताना सुरू करा. टोकाला वस्तू रेंगाळते, त्यामुळे नेमका क्षण पकडता येत नाही.

मोबाईलवर व्हिडिओ घेऊन वेग काढत असाल तर दोन फ्रेममधल्या अंतराला वेळेने भागून जो वेग मिळतो तो त्या दोन फ्रेमच्या मधल्या क्षणाचा समजा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर मध्यावरच्या फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंतचा सरासरी वेग ४९.१ येतो. तो मध्यावरचा म्हणून लिहिला तर ५० शी जुळत नाही. मधल्या क्षणाचा खरा वेग ४९.३ आहे, त्याच्याशी ताडून बघितलं तर फरक किरकोळ उरतो. आणि मोजपट्टी वजनाच्या अगदी लगत, तेवढ्याच खोलीवर लावा. मागच्या भिंतीवर लावली तर सगळी अंतरं जास्त दिसतात.

एवढं करूनही मोजलेला वेग सूत्रापेक्षा दोन-तीन टक्के कमीच येत राहिला, तर स्प्रिंग काढून तराजूवर ठेवा. स्प्रिंगही वजनाबरोबर हलते, आणि तिच्या वस्तुमानाचा तिसरा हिस्सा वजनात मिळवावा लागतो. स्प्रिंग ३० ग्रॅमची असेल तर एम २०० ऐवजी २१० ग्रॅम धरायचा. ओमेगा १० वरून ९.७६ वर येतो आणि कमाल वेग ५० ऐवजी ४८.८ सेमी प्रति सेकंद.